सणाची भेट आणि संस्थेची वर्गणी

विजयादशमीच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात होणारा सोहळा ज्यांनी एकदा पाहिला आहे, त्यांना तो पुन्हा वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. शमीपूजन होते, आपट्याची पाने लुटली जातात आणि पुढे रात्र पडेपर्यंत सारे शहर एकमेकांना सोने वाटीत फिरते. आमच्या शिवाजी पेठेत तर त्या रात्री असा एकही उंबरा राहत नाही की ज्यावर कोणी सोने घेऊन चढले नाही. वर्षभर अबोला धरलेले शेजारीही पानांची देवघेव करून मोकळे होतात. बाजारात या सोन्याला दमडीची किंमत नसते; दुसऱ्या दिवशी सकाळी ते केरात जाते. तरीही ते घेताना कोणी त्याचा भाव विचारीत नाही. त्या पानाबरोबर नाते नव्याने मान्य केले जाते, आणि घेणाऱ्याला तेवढे पुरते.

आज मी आपल्यापुढे ज्या विषयावर बोलणार आहे, तो या सोन्याच्या जवळचाच आहे. सणाच्या दिवशी आपल्या माणसाला एखाद्या लोकोपयोगी संस्थेचे सभासदत्व भेट द्यावे आणि त्या निमित्ताने संस्थेच्या पेटीतही चार पैसे पडावेत, अशी एक सूचना अधूनमधून कानांवर येते. ऐकणाऱ्याला वाटते की ही पाश्चात्यांच्या नाताळातून उचललेली टूम असावी. माझे म्हणणे असे आहे की, ही कल्पना आपल्या घरातली आहे. वर्गणी आणि ओवाळणी या आपल्या दोन जुन्या रीती एकत्र आल्या म्हणजे तीच निर्माण होते, आणि त्या दोहोंचा इतिहास शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

प्रथम दसरा चौकातच थोडे थांबू. सोने लुटण्याच्या गर्दीत सभोवारच्या इमारतींकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु त्यांत शिक्षणाचा एक मोठा इतिहास दडलेला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा आणि जैन विद्यार्थ्यांसाठी, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी आणि पुढे लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहतील अशी तजवीज केली. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. या वसतिगृहांपैकी कित्येक दसरा चौकाच्या आसपासच आहेत. १९१८ साली महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी हे शिकारीच्या अपघातात वारले, आणि त्या पुत्रशोकातून १९२० साली प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊस ही संस्था जन्मास आली. आज आमच्या शिवाजी पेठेत तिचे न्यू कॉलेज उभे आहे, आणि आमच्या पेठेतील किती घरांतला पहिला पदवीधर त्याच दारातून बाहेर पडला असेल, याची मोजदाद करणे कठीण आहे.

महाराजांनी या वसतिगृहांना जागा दिल्या, इमारती दिल्या, उत्पन्ने लावून दिली. ते राजे होते. त्यांच्या मनात येते तर सारा खर्च दरबारच्या खजिन्यातून चालवून वसतिगृहांची व्यवस्थाही दरबारच्या कारकुनांकडे देणे त्यांना अवघड नव्हते. परंतु त्यांनी व्यवस्था त्या त्या समाजातील पुढाऱ्यांच्या हाती ठेवली. यातील दूरदृष्टी पुढे कळून आली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजाश्रय म्हणून जो काही होता, त्याचे स्वरूप एका दिवसात पालटले. अशा वेळी ज्या संस्थेला केवळ दाता असतो, ती दात्याबरोबर मावळते. जिला सभासद असतात, तिला निदान दहा माणसे एकत्र बसून पुढे काय करायचे, एवढा विचार तरी करता येतो. दान कितीही मोठे असले तरी ते दिले की दात्याचा हात सुटतो. वर्गणी कितीही लहान असली तरी ती दरवर्षी द्यावी लागते, म्हणून देणाऱ्याचा हात संस्थेच्या हातातच राहतो. आजच्या माझ्या बोलण्याचे सारे सूत्र या एका भेदात आहे.

आता या वर्गणीचाच थोडा मागोवा घेऊ. १८५० साली कोल्हापुरात ‘कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी’ स्थापन झाली. आज आपण तिला करवीर नगर वाचन मंदिर या नावाने ओळखतो. त्याच्या अगोदर रत्नागिरी, नाशिक, पुणे या ठिकाणी अशीच ग्रंथालये निघाली होती. पुढे ठाण्यास १८९३ साली आणि मुंबईस १८९८ साली मराठी ग्रंथसंग्रहालये निघाली. तत्पूर्वी पुस्तके असत ती राजवाड्यात, मठात किंवा एखाद्या शास्त्रीबुवांच्या फडताळात. ती पाहायला मिळणे हा मालकाच्या कृपेचा भाग असे. नव्या ग्रंथालयाने हा सारा व्यवहार पालटून टाकला. ठरलेली वर्गणी भरली की पुस्तक मागण्यासाठी कोणाची मर्जी राखावी लागत नसे. वकील असो वा कारकून, वर्गणीदार म्हणून दोघांची योग्यता सारखीच. अर्थात ही समानता त्या काळी इंग्रजी शिकलेल्या थोड्या पुरुषांपुरतीच होती, हे विसरून चालणार नाही. स्त्रिया आणि बहुजनसमाजातील मुले त्या वर्तुळाच्या बाहेर होती. तरी तत्त्व मान्य झाले होते, आणि मान्य झालेले तत्त्व आज ना उद्या आपली व्याप्ती वाढवल्यावाचून राहत नाही.

हा प्रकार जगाला नवा नव्हता. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे बेंजामिन फ्रँकलिनने १७३१ साली आपल्या मित्रांना गोळा करून ग्रंथालय काढले. पन्नास वर्गणीदारांनी आरंभी प्रत्येकी चाळीस शिलिंग द्यावेत आणि पुढे दरसाल दहा शिलिंग भरावेत, असा त्यांचा ठराव होता. त्या मित्रांत कारागीर होते, छापखान्यातली माणसे होती. एकट्याला जी पुस्तके घेणे शक्य नव्हते, ती पन्नासांना मिळून घेता आली. आपल्याकडील वर्गणीचे तत्त्व नेमके हेच आहे.

परंतु ज्यांनी एखाद्या संस्थेचे चिटणीसपद सांभाळले आहे त्यांना वर्गणीचे दुसरे रूपही ठाऊक असेल. वर्गणी ही थकते. पहिल्या वर्षी उत्साहाने भरली जाते, दुसऱ्या वर्षी आठवण द्यावी लागते, तिसऱ्या वर्षी आठवण देणाऱ्या शिपायाला पाहून वर्गणीदार मागच्या दाराने बाहेर पडतो. यात माणूस वाईट असतो असे नाही. वर्गणीची मागणी दिव्याच्या किंवा पाण्याच्या बिलासारखी रुक्षपणे येते, तिला ना मुहूर्त ना निमित्त, म्हणून ती नकोशी होते. आपल्या लोकांचा हात सढळ होतो तो सणाला. दिवाळीत नोकरमाणसांना पोस्त मिळते, लेकीबाळींना ओवाळणी मिळते, अभ्यंगाच्या दिवशी दारी आलेला वासुदेवही रिकाम्या हाताने जात नाही. लोककार्यासाठी पैसा उभारणाऱ्या आपल्या पूर्वीच्या धुरीणांनी लोकांचा हा स्वभाव बरोबर हेरला होता.

अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची आठवण वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकलीच असेल. प्रत्येक भारतीयाने वर्षाकाठी एक पैसा द्यावा, एवढेच त्यांचे मागणे होते. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. तीस कोटी लोकांनी एकेक पैसा दिला तर सुमारे सत्तेचाळीस लाख रुपये जमतात, हा हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येईल. प्रत्यक्षात एवढे जमले नाहीत, तरी त्या फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटील हे तर कोल्हापूरच्या परिसरातलेच. कुंभोज हे त्यांचे जन्मगाव आणि कोल्हापुरात त्यांचे शिक्षण झाले. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. ते चालवताना लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, हे सर्वश्रुत आहे. परंतु दागिने एकदाच मोडता येतात. संस्थेला रोजचे अन्न मिळाले ते मुष्टिफंडातून. घरच्या बाईने स्वयंपाकाचे धान्य काढताना एक मूठ बाजूला ठेवावी आणि ती वसतिगृहाला द्यावी, अशी ती योजना होती. तिच्यात मागणाऱ्याचा संकोच आणि देणाऱ्याचा भार दोन्ही उरले नाहीत, कारण देणे हा घरातल्या नित्यकर्माचा भाग झाला.

आता मी मुख्य उदाहरणाकडे येतो. महर्षी धोंडो केशव कर्वे हे कोकणातल्या मुरुडचे. १८७५ साली ते एका परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी चालत गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही, ही कथा आपणांस माहीत असेल. तीच परीक्षा ते पुढे कोल्हापुरास येऊन उत्तीर्ण झाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. असो. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाई ऊर्फ बायांशी, पुनर्विवाह केला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली, आणि रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर १९०० साली आश्रम पुण्याजवळ हिंगणे येथे गेला. अण्णा फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत आणि दिवस मावळताना हिंगण्याची वाट चालू लागत.

या आश्रमात येणाऱ्या मुली कोण होत्या, हे ध्यानात घ्या. बहुतेक बालविधवा. त्यांना भाऊ नव्हते असे नाही. परंतु विधवा बहिणीला शिकवायला बाहेर पाठवण्याची छाती पुष्कळ भावांना नव्हती. लोकांची निंदा होती, वडीलमंडळींचा धाक होता. दिवाळीतल्या यमद्वितीयेला घरोघर निरांजने लागत, तेव्हा या मुलींनी कोणाला ओवाळावे? पुढे आश्रमाने या प्रश्नाला जे उत्तर काढले ते मला आपल्या सार्वजनिक जीवनातील अत्यंत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. आश्रमाने भाऊबीज फंड सुरू केला. संस्थेच्या सेविका आणि कार्यकर्त्या पावतीपुस्तके घेऊन गावोगाव जात आणि गृहस्थांना सांगत की, आपण आपल्या बहिणीला ओवाळणी घालताच. हिंगण्यालाही आपल्या बहिणी आहेत, त्यांचीही ओवाळणी आमच्याजवळ द्या.

या एका शब्दाने काय घडले ते पाहण्याजोगे आहे. देणगी मागितली तर नाकारता येते. नकार देणाऱ्याला फार तर कंजूष म्हणतील. भाऊबीज मागितली तर नाकारणे जड जाते, कारण ती भीक नव्हे. तो बहिणीचा हक्क आहे. दुसरे असे की, देणगी एकदा दिली म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा कशाला, असे विचारता येते. भाऊबीज मात्र दरवर्षी यावयाचीच. पंचांगानेच ती पुन्हा आणायची व्यवस्था करून ठेवली आहे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रुपया-दोन रुपये देणाराही त्या दिवशी आश्रमातल्या मुलींचा भाऊ होई. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली महिला विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी देऊ केली, तिचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. इमारती आणि महाविद्यालये अशाच देणग्यांतून उभी राहतात. परंतु विधवेच्या शिक्षणाविषयी मध्यमवर्गीय घरांतील तेढ कमी झाली, त्यात त्या दारोदारच्या भाऊबिजेचा वाटा मोठा असला पाहिजे. ज्या घरातून ओवाळणी जाते त्या घरात आश्रमाची निंदा करणे कठीण होते. आश्रमासाठी निधी गोळा करीत पार्वतीबाई आठवले देशभर हिंडल्या आणि १९१८ साली अमेरिकेपर्यंत जाऊन पोहोचल्या. तेथे त्यांनी परक्यांच्या घरी काम करून दिवस काढले. स्वतः अण्णा सत्तरी उलटल्यावर आफ्रिकेत फिरून आले, आणि पुढे खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी पुन्हा दारोदार गेले. ही सारी माणसे पैसा मागत होती, हे खरे; परंतु त्याहून अधिक ती नाते मागत होती. हिंगण्याची भाऊबीज आजही बंद पडलेली नाही.

भाऊबिजेचा विषय निघाला म्हणून एक घरगुती गोष्ट सांगण्याची परवानगी घेतो. आमचे घर शिवाजी पेठेतले. माझी आत्ती गावातच दुसऱ्या पेठेत दिलेली होती. सासर खाऊनपिऊन सुखी, परंतु बाईमाणसाच्या हातात पुस्तक दिसले की घरात काम उरले नाही काय, असे विचारणारे. भाऊबिजेला ती आमच्याकडे येई. माझे वडील तबकात ओवाळणी घालीत, खण ठेवीत, आणि त्या खणाच्या घडीत कागदाची एक घडी असे. ती गावातल्या एका वाचनालयाच्या वर्षाच्या वर्गणीची पावती होती, आत्तीच्या नावाची. सासरी त्या पावतीला कोणी हरकत घेऊ शकत नसे, कारण ती माहेरची ओवाळणी होती. दर आठवड्याला एका दुपारी ती पुस्तक बदलायला बाहेर पडे. मला वाटते, त्या दुपारीच ती आपल्या नावाने ओळखली जाई; इतर वेळी ती कोणाची तरी सून, कोणाची तरी आई असे. वाचनालयाच्या नोंदवहीत मात्र तिचे संपूर्ण नाव आणि क्रमांक होता.

पुढे वडील वारले. त्या वर्षीच्या भाऊबिजेला आम्ही भावंडांनी आत्तीला लुगडे दिले, पैसेही दिले. पावतीची आठवण कोणाला झाली नाही. तिनेही मागितली नाही. असल्या गोष्टी मागायच्या नसतात. वाचनालयानेही एका जुन्या सभासद बाईचे येणे का थांबले म्हणून चौकशी केली नाही. नाव कमी झाले, पुस्तके बंद झाली. काही वर्षांनी बोलता बोलता ती सहज म्हणाली, “दादा गेला आणि माझी दुपारही गेली.” मी त्या वाचनालयाला दोष देत बसत नाही, माझा दोष अगोदर आहे. परंतु संस्था आणि सभासद यांच्यामधला धागा किती बारीक असतो आणि तो कोणाच्या लक्षातही न येता कसा तुटतो, हे मी त्या वाक्यातून शिकलो.

आता थोडे परदेशाकडे पाहू. १९०४ साली डेन्मार्कमध्ये टपालखात्यातील आयनार होल्बोल नावाच्या गृहस्थाला नाताळची शुभेच्छापत्रे निवडता निवडता कल्पना सुचली की, या प्रत्येक पाकिटावर एक जादा तिकीट चिकटवले आणि त्याचे पैसे क्षयरोगी मुलांसाठी दिले, तर केवढी रक्कम उभी राहील! राजाची संमती मिळाली आणि पहिल्याच नाताळात अशी लाखो तिकिटे खपली. १९०७ साली अमेरिकेत एमिली बिसेल या बाईंनी तीच युक्ती योजली. डेलावेअर संस्थानातील एका लहान क्षयरुग्णालयाला तीनशे डॉलरची निकड होती. एकेक सेंटच्या तिकिटांतून त्याच्या दहापट, म्हणजे तीन हजार डॉलर जमले. तेथील संग्रहालये, प्राणिसंग्रहालये आणि ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्था नाताळच्या सुमारास आपले सभासदत्व भेट म्हणून देण्याची सोय करतात, ती याच मार्गावरची पुढची पायरी होय. नातवाला खेळणे देण्याऐवजी आजोबा त्याला वर्षभर प्राणिसंग्रहालयात जाण्याचा हक्क देतात. होल्बोलचे तिकीट आणि हिंगण्याची पावती यांना एकमेकींची ओळख नव्हती. परंतु दोघींच्या मुळाशी एकच जाण होती. सणाला मोकळा झालेला हात थोडा पुढे न्यावा, एवढेच काम दोघींनी केले.

आणि आपल्याकडेही हे अगदीच घडत नाही असे नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या फराळात वाचनाचा एक पदार्थ वाढला. इतके अंक विकत घेणे कोणाही एका कुटुंबास परवडत नाही. म्हणून गावोगावची ग्रंथालये दिवाळी अंकांसाठी स्वतंत्र वर्गणी ठेवतात; ती भरली की पुढचे काही महिने एकेक अंक घरी नेता येतो. एरवी ग्रंथालयाची पायरी न चढणारी माणसे या निमित्ताने तेथे येतात. ही वर्गणी आपल्यासाठी भरतो तशी आणखी एक, नव्याने संसार थाटलेल्या भाचीच्या किंवा निवृत्त झालेल्या शेजाऱ्याच्या नावाने भरली, तर आज मी सांगतो आहे ती गोष्ट पुरी झाली. तिच्यासाठी नवी संस्था नको की नवा कायदा नको.

कायद्याचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगतो. हिंदुस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा पहिल्याने केला तो कोल्हापूर संस्थानाने, १९४५ साली. मद्रासचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी झाला. मराठी राज्यकर्त्यांपैकी सयाजीराव गायकवाडांनी तर १९१० सालीच अमेरिकेतून बोर्डन नावाचे तज्ज्ञ आणवून बडोद्यात गावोगाव ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला होता. पुढे १९६७ साली महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा झाला. त्यात ग्रंथालयांसाठी वेगळा कर बसवलेला नाही; सरकारी अनुदान आणि सभासदांची वर्गणी या दोन चाकांवरच आपली बहुतेक ग्रंथालये चालतात. अनुदान केव्हा आणि किती येईल हे संस्थेच्या हाती नसते. दुसऱ्या चाकाला वंगण घालणे एवढेच आपल्या हाती आहे.

येथवर मी या कल्पनेची थोरवी सांगितली. आता तिच्यातील धोके सांगितले नाहीत तर ते एकांगी होईल. पहिला धोका सक्तीचा. वर्गणी या शब्दाला आपल्या पेठा-पेठांतून जो थोडा कडवटपणा आला आहे, तो उत्सवाच्या नावाखाली दुकानदारांपुढे पावतीपुस्तक आपटणाऱ्यांनी आणला आहे. ओवाळणी मागणारी बहीण दारात अडून बसत नाही. दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. दुसऱ्याच्या नावाने वर्गणी भरण्याची सोय झाली की, निवडणुकीच्या तोंडावर शे-दोनशे नावांची वर्गणी एकाच खिशातून भरून संस्था ताब्यात घेण्याचा मोह काहींना होतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने सभासद कोण हे सांगून ठेवले आहे. जो नियमांप्रमाणे दाखल झाला आणि ज्याने वर्गणी भरली किंवा सभासदांच्या नोंदवहीत सही केली, तो सभासद. आणि ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली, त्याला मत नाही. कायदा एवढेच पाहतो. पैसे कोणी दिले हे तो पाहत नाही. ते संस्थेनेच पाहिले पाहिजे. म्हणून माझी सूचना अशी आहे की, सणाची भेट म्हणून द्यावयाचे सभासदत्व वाचकाचे, प्रेक्षकाचे, उपभोगाचे असावे. मताचा हक्क त्या माणसाने पुढच्या वर्षी स्वतःच्या हाताने अर्ज भरून आणि स्वतःच्या पैशाने वर्गणी देऊन मिळवावा. भेट ही उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडणारी असावी. आत पाऊल ज्याचे त्याने टाकावयाचे.

तिसरा धोका विस्मृतीचा. भेट मिळालेला माणूस एकदाही संस्थेत आला नाही, तर संस्थेला एका वर्षाचे पैसे मिळाले, सभासद मिळाला नाही. यासाठी संस्थेने पावती फाडून स्वस्थ बसू नये. ज्याच्या नावाची पावती असेल त्याला दोन ओळींचे पत्र लिहावे, ‘आपल्या अमुक आप्तांनी आपणांस आमच्याकडे पाठवले आहे, केव्हा येता?’ असे विचारावे; आणि वर्ष संपण्यापूर्वी देणारा आणि घेणारा या दोघांनाही एकेक स्मरणपत्र धाडावे. हे काम फार मोठे नाही. परंतु ते झाले असते तर माझ्या आत्तीची दुपार गेली नसती.

श्रोतेहो, येत्या दिवाळीत आपण बहिणीला साडी द्याल, मेहुण्यांना मिठाईची पेटी द्याल. ती अवश्य द्यावी. त्याबरोबर आपल्या गावातल्या ज्या एका संस्थेवर आपला विश्वास आहे, मग ते ग्रंथालय असो, संगीत मंडळ असो, आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी संस्था असो वा मुलांचे वसतिगृह असो, तिची वर्षाची एक पावती आपल्या माणसाच्या नावाने करून पाहावी. पावती करण्यापूर्वी त्या माणसाला विचारावे, आणि भेट देताना एकदा त्याच्याबरोबर संस्थेच्या दारापर्यंत चालत जावे. माझी आत्ती आता नाही. तिची एक नात शिवाजी पेठेतच राहते. गेल्या भाऊबिजेला माझ्या मुलाने तिच्या तबकात ओवाळणी घातली, तेव्हा खणाच्या घडीत एक पावती होती. ती उघडून तिने क्रमांक वाचला आणि विचारले, “वाचनालय किती वाजेपर्यंत उघडे असते?”